पेटी लाव

डिसेंबर लागला की सकाळी सहापासून आठपर्यंत नागपुरात वारा अगदी पडलेला असतो. कडुनिंबाचं पान हलत नाही. शेजारच्या गच्चीवर बंब पेटतो आणि त्याचा धूर सरळ वर जातो, मध्ये कुठेही न वाकता. आई शाल आवळून अंगणात येते, म्हणते, "काय सुरेख थंडी पडली गं." मी हो म्हणते आणि धुराकडे बघत राहते. धूर सरळ म्हणजे आज उडवता येईल, हे मला ज्या हिवाळ्यात कळलं, त्याला आता चार वर्षं झाली.

त्या हिवाळ्याआधी मी वाऱ्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. वारा म्हणजे वह्यांची पानं उडवणारा, डोळ्यांत कचरा घालणारा. पण त्या वर्षी आमच्या मागच्या व्हरांड्यात एक विमान तयार होत होतं आणि घरातली सगळी माणसं नकळत आकाश बघून बोलायला लागली होती. बाबासुद्धा ऑफिसला निघताना म्हणायचे, "आज ढगाळ आहे, तुमच्या बगळ्याला सुट्टी."

बगळा हे नाव माझ्या भावानं, शिरीषदादानं ठेवलं होतं. पांढरं अंग, पोटावर एक लाल पट्टी, आणि पंख इतके लांब की मी दोन्ही हात पसरले तर टोकं जेमतेम हाताला लागायची. बाल्सा नावाचं लाकूड, पापडासारखं हलकं. त्याच्या काड्यांचा सांगाडा, आणि त्यावर पतंगाच्या कागदाहून पातळ कागद. कागदाला एक औषध लावायचं, मग तो ताणला जाऊन ढोलकीसारखा वाजायचा. त्या औषधाला जास्त पिकलेल्या केळ्यांचा वास होता. आई म्हणायची, "स्वयंपाकघरात केळं नाही आणि घरभर शिकरणीचा वास." इंजिन मुठीएवढं. ते ज्या तेलावर चालायचं त्यात एरंडेल असायचं. लहानपणी एरंडेल म्हणजे नाक दाबून घेतलेला चमचा. त्या हिवाळ्यात जळलेल्या एरंडेलाचा धूर माझ्या स्वेटरला बसला, आणि मी तो स्वेटर महिनाभर धुवायला टाकला नाही. का टाकला नाही, हे मी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं नाही.

विमान दादाचं आणि त्याच्या मित्राचं, विलासचं. खरं तर विलासचंच. दादा काड्या कापायला आणि विनोद करायला. दोघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. विलास काटोलचा. घरी संत्र्यांचा मोठा बगीचा, माल बांधायची शेड, भरपूर माणसं. इथे आमच्या गल्लीच्या टोकाला त्यानं खोली घेतली होती, पण जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा सगळा वेळ आमच्या व्हरांड्यात जायचा. तो मोठ्यानं बोलायचा, मोठ्यानं हसायचा, आणि काम करताना एकदम गप्प व्हायचा. त्याचे हात मी खूप बघितले. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा मला संकोच, म्हणून मी हातांकडे बघते. ते जाड होते, नखांत रंग असायचा, आणि केसाएवढी तार ते अशी धरायचे की वाटावं, तारेला दुखेल याची त्यांना काळजी आहे.

दादाच्या बाकी मित्रांना मी सरळ दादा म्हणायची. सुधीरदादा, अविनाशदादा. विलासच्या नावापुढे तो शब्द लावायचं मी टाळलं. नुसतं विलास म्हणणं शक्यच नव्हतं. त्यामुळे मी त्याला कधी हाकच मारली नाही. काही सांगायचं असलं तर समोर जाऊन उभी राहायची. तो वर बघायचा, म्हणायचा, "बोल वं मिनू. का इंग्लिशमधून सांगणार आहे? मंग मी शिरीषले बोलावतो, दुभाषी म्हणून."

मी सदर भागातल्या इंग्रजी शाळेत शिकले, नर्सरीपासून. तिथे मराठी बोललं की गळ्यात पाटी अडकवत. म्हणून शाळेत मी कमी बोलायची, आणि घरी आल्यावर मराठीत काहीतरी चुकेल म्हणून कमी बोलायची. दोन्हीकडे लोकांना ती शिस्त वाटायची.

जमिनीवरून विमान चालवायची जी पेटी होती, तिला ते 'पेटी'च म्हणायचे. ॲल्युमिनियमचा डबा, वर दोन दांड्या, एक बटण, बॅटरी किती उरली ते दाखवणारा एक काटा, आणि ओढली की माणसाएवढी उंच होणारी एरियल. डब्याला बाहेरून एक लाकडी खोकं, झाकणाचं. विमानाच्या पोटात साबणाच्या वडीएवढं यंत्र बसवलेलं. पेटी बोलायची आणि ते यंत्र ऐकायचं. हे ऐकणारं यंत्र विलासनं स्वतः तयार केलं होतं, मोडक्या रेडिओंतले भाग काढून, तीन महिने बसून. त्याचा त्याला खरा अभिमान होता. विमान काय, पुस्तकात बघून कोणीही चिकटवेल, असं तो म्हणायचा.

आणि पेट्या दोन होत्या. एक विलासनं बनवलेली, एक कॉलेजच्या क्लबची जुनी, अडीअडचणीला सोबत ठेवलेली. दोन्ही एकाच आकड्यावर बोलायच्या, म्हणून दोन्हींच्या एरियलला पिवळी रिबीन. एक चालू असताना दुसरी चालू केली तर संपलंच. विलासनं मला पहिल्या दिवशी समजावलं होतं, "एका बैलाले दोन जणांनी कासरा लावला, एक म्हणते डावीकडे, एक म्हणते उजवीकडे, तं बैल काय करीन? खड्ड्यात जाईन." यावर त्यांनी एक युक्ती काढली होती. आमच्या दोरीवरचा कपड्यांचा एक लाकडी चिमटा घेतला, पिवळा रंगवला. ज्याच्या एरियलला चिमटा, त्यानंच पेटी चालू करायची. बाकीच्यांनी बटणाला हात लावायचा नाही. चिमटा सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. उडवायच्या आधी मी तो विलासच्या एरियलला लावायची, उतरल्यावर काढून घ्यायची. "आली चिमटाबाई," तो म्हणायचा. "हिच्या परवानगीशिवाय नागपुरात पाखरू उडत नाही."

आम्ही काटोल रस्त्यावर शहर संपतं तिथल्या माळावर जायचो. रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी होती. टपरीवाल्या काकांचा ट्रान्झिस्टर दिवसभर चालू. बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी नेमकं विचारायचं, "त्या रेडिओनं हे बिघडत नाही का गा? हवेतल्या हवेत लहरी एकमेकींवर आपटत असतील ना." दादा लगेच गंभीर चेहरा करून सांगायचा, "मोठ्या गाण्यानं बिघडतं, भजनानं नाही." काका घाबरून आवाज कमी करायचे. मग विलास हसत हसत खरं सांगायचा.

"ट्रान्झिस्टर नुसता ऐकते, काका. ऐकणाऱ्यानं कोणाचं काही बिघडत नाही. बोलणाऱ्यानं बिघडते. वाजू द्या बिनधास्त." आणि माझ्याकडे बोट करून, "आता ही पाहा. हिच्यापासून विमानाले काहीच धोका नाही."

सगळे हसायचे. मीही. त्याला माझ्यावरून विनोद सुचला, एवढ्यानंच मी ती सकाळ घरी घेऊन जायची.

थंडीच्या त्या सकाळींबद्दल मी कितीही लिहू शकेन. दवानं ओलं झालेलं गवत आणि त्यात भिजलेल्या चपला. इंजिन सुरू करताना पंख्यावर बोट मारायचं, ते नाही सुटलं की दादाची शिवी आणि माझ्याकडे बघून जीभ चावणं. सुटलं की अंगातून जाणारी ती थरथर. मी विमानाची शेपटी धरून गुडघ्यावर बसायची. माझ्या तळहातात ते कापायचं, निघायची घाई झालेल्या वासरासारखं. विलास मान हलवायचा आणि मी सोडायची. मग ते दगडांवरून, गवतावरून खडखडत जायचं, आणि एका जागी खडखड थांबायची. ते वर गेलंय हे डोळ्यांच्या आधी कानांना कळायचं.

विलास उडवताना कधीही खाली बघायचा नाही. चहा हातात दिला तरी आभाळाकडे बघत प्यायचा. त्याचं तोंड थोडं उघडं राहायचं. एवढा मोठा बाप्या, पण त्या वेळी लहान दिसायचा.

त्याला बंगलोरला जायचं होतं. तिथे विमानांचंच शिक्षण देणारा दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम होता. फॉर्म आणलेला होता, आमच्या व्हरांड्यातल्या कपाटात पुठ्ठ्यात ठेवलेला. त्याचे वडील, बाबाजी म्हणायचे सगळे त्यांना, नको म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. संत्र्यांचं काम वाढलं होतं, घरात मुलगा हा एकच. शेवटी त्यांनी निरोप पाठवला की मी येतो आणि पाहतो, कशात जीव टाकून राहिला तू ते. रविवार ठरला. त्या आठवड्यात विलास दोनदा दाढी करायला विसरला आणि एकदा आमच्या आईला 'बाबाजी' म्हणाला.

रविवारी आम्ही सातला माळावर होतो. वारा नव्हता. पण बाबाजींची जीप दहाला आली. तोपर्यंत विलासनं दोनदा उडवून पाहिलं होतं, हात बसावा म्हणून. पेटीवरचा काटा खाली आला होता.

"बॅटरी कमी दिसते," दादा म्हणाला.

"पुरते."

"नाही पुरली तर?"

"नाही पुरली तं दुसरी पेटी आहे ना. मिनूच्या पायाशी ठेव."

दुसरी पेटी माझ्या पायाशी ठेवली गेली, खोक्याचं झाकण उघडून. मी चिमटा विलासच्या एरियलला लावला.

बाबाजी जीपमधून उतरले. पांढरा सदरा, टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. पहिल्यांदा सगळ्यांना संत्री वाटली, माझ्या हातात दोन दिली, म्हणाले, "खाय बाई, वाळून राहिली नुसती." मग विमानाभोवती एक चक्कर मारली. कागदाच्या पंखावर टिचकी मारून बघितली. "हे उडते?"

"उडते, बाबाजी."

"अन् माणूस कुठी बसते याच्यात?"

"माणूस खालीच राहते."

"मंग बरं आहे," बाबाजी म्हणाले.

आणि ते उडालं. त्या हिवाळ्यातलं सगळ्यात सुंदर उडालं. विलासनं ते चहाच्या टपरीवरून वळवलं, लांब नेलं, पुन्हा आणलं, आमच्या डोक्यावर एक आडवी गिरकी दिली. बाबाजींनी कपाळावर हात धरला होता. त्यांच्या हातातलं सोललेलं संत्रं तसंच राहिलं होतं. "अरे बाप्पा," ते म्हणाले. मग मोठ्यानं, जीपच्या ड्रायव्हरला, "पाय गा, माह्या पोराचं उडून राहिलं!" मी विमानाकडे नाही, विलासकडे बघत होते. त्यानं हे ऐकलं. त्याचा कान लाल झाला.

तेवढ्यात माळावरून वाऱ्याचा झोत आला. धूळ उठली, पालापाचोळा गोल फिरायला लागला. विमान थोडं डुललं. विलासचे डोळे आभाळात. तो ओरडला, "मिनू, पेटी लाव वं!"

मी पेटी लावली.

एरियल पूर्ण ओढली, शिकवलं होतं तशी. बटण दाबलं. काटा वर आला, चांगला वर, भरलेल्या बॅटरीचा. मला आठवतं, मला आनंद झाला होता. त्यानं दादाला नाही, मला सांगितलं होतं. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की लावू का.

विमान आधी थरथरलं. मग नाक खाली करून आलं, सरळ, इंजिन पूर्ण आवाजात. मला वाटलं, उशीर झाला, त्याची बॅटरी आधीच गेली. मी बटण बंद केलं. एरियल दाबून आत घातली, झाकण लावलं. हे सगळं का केलं, सांगता येत नाही. हात करत होते.

माळाच्या पलीकडे ते पडलं होतं. आवाज फार मोठा नव्हता, कोणी सुपडी तुडवावी तसा. सगळे धावले. मी धावले नाही. लांबून मला विलास वाकलेला दिसला, मग बसलेला. बाबाजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. त्यांचा आवाज माळभर ऐकू आला, "कोणाले लागलं तं नाही ना? मंग? पडते असं. दुसरं बनव." ते असं म्हणाले, हे मला आजही सहन होत नाही. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

विलास परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एक एक पंख होता. माझ्यासमोर थांबला. पायाशी बघितलं.

"पेटी लावली होती ना? लई धूळ होती. आत गेली असती."

मला तेव्हा कळलं.

"हो," मी म्हणाले.

त्यानंतर मी तो एक शब्द किती वेळा हातात घेऊन बघितला असेल. दिवा लाव. रेडिओ लाव. दार लाव, पाऊस येतोय. झाकण लाव, माशा बसतील. आई दिवसातून वीस वेळा म्हणते आणि माझी कधी चूक झाली नाही. ज्या भाषेत मी शाळा शिकले तिच्यात चालू करायला वेगळा शब्द आहे आणि बंद करायला वेगळा, कोणाचा जीव अडकलेला असला तरी गोंधळ होणार नाही असे. आपल्याकडे एकच शब्द उजेड करतो आणि तोच बंदही करतो. पण भाषेवर ढकलून काय होणार. दुसऱ्या कोणीही, दादानं, आईनं, टपरीवाल्या काकांनी, धुळीत 'पेटी लाव' ऐकून झाकणच लावलं असतं. मला वेगळं ऐकू आलं, कारण मला वेगळं ऐकायचं होतं. त्याला माझी गरज पडावी, असं मला किती दिवस वाटत होतं.

आणि माझं ते 'हो' खोटं नव्हतं. लावली होतीच ना.

फॉर्म पाठवायला पंधरा दिवस होते. बाबाजींनी जाताना आमच्या बाबांना सांगितलं होतं, पोराच्या हातात काहीतरी आहे, जाऊ देतो मी त्याले. म्हणजे त्यांच्याकडून होकारच होता. नकार आला तो विलासकडून. तो दुसऱ्या दिवसापासून आमच्या व्हरांड्यात ते ऐकणारं यंत्र उघडून बसला. पडूनही ते मोडलं नव्हतं. तो ते टेबलावर ठेवायचा, पेटी चालू करायचा, ते बरोबर ऐकायचं. पेटी घेऊन गल्लीच्या टोकाला जायचा, तरी ऐकायचं. गरम करून बघितलं, हलवून बघितलं. प्रत्येक वेळी बरोबर.

घरात कारणांची कमी नव्हती. आई म्हणाली, एवढी माणसं बघत होती, दृष्ट लागली. बाबा म्हणाले, पोलिसांची बिनतारीवाली गाडी त्या रस्त्यानं जाते, तिचंच काम. दादा म्हणाला, गल्लीत सगळ्यांनी टीव्हीचे अँटेने उभारलेत, आभाळात जागाच उरली नाही. टपरीवाले काका तर घरी आले. टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी माह्याकडून आवाज जरा मोठाच झाला होता." विलासनं त्यांना बसवलं, चहा दिला, म्हणाला, "काका, नाही हो. तुमचा नुसता ऐकते." त्या वेळी तो माझ्याकडे बघून हसला नाही.

मी रोज ठरवायची. वाक्य तयार करायची. इंग्रजीत छान जमायचं, एखाद्या पत्रासारखं. मराठीत सुरुवातच होत नव्हती, कारण सुरुवातीला त्याचं नाव घ्यावं लागलं असतं.

एका दुपारी व्हरांड्यात तो एकटा होता. तारांच्या जोडांना डाग द्यायच्या तापल्या कांडीला राळेचा गोड धूर येत होता. मी चहा ठेवला. त्यानं वर बघितलं. डोळे लाल होते, झोप नसल्यासारखे.

"चालून राहिला वं हा," तो म्हणाला. "दरवेळी चालते. मंग त्या दिवशी पडलं काहून?"

तो मला चिडवत नव्हता. खरंच विचारत होता, जणू मला माहीत असू शकेल. माझ्याशी तो पहिल्यांदाच असं बोलत होता. कपाच्या बशीवर चहा सांडला होता, तो मी पदरानं पुसला.

"चहा गार होतोय," मी म्हणाले.

मग एक दिवस त्यानं यंत्राचं झाकण बसवलं आणि दादाला म्हणाला, जे कधी बिघडते अन् कधी नाही, अन् काहून ते बनवणाऱ्यालेच समजत नाही, असं बनवणाऱ्या हातानं विमानं बनवायची नाही. उद्या त्याच्यात माणूस बसला तं? दादा त्याच्याशी भांडला, ओरडला. मी आतल्या खोलीत होते. फॉर्म पुठ्ठ्यात राहिला आणि तारीख गेली. परीक्षा झाल्यावर विलास ट्रंक घेऊन काटोलला गेला. निघताना आईच्या पाया पडला. मला म्हणाला, "अभ्यास कर. अन् बोलत जाय वं थोडं."

गप्प माणसाला लोक निरुपद्रवी समजतात. मलाही तसंच वाटायचं. न बोलणं म्हणजे कोणाच्या वाटेत न येणं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. बटण मी तीन मोजेपर्यंत चालू ठेवलं असेल. त्यानं विमान पडलं, आणि ते पुन्हा बांधता आलं असतं.

दादा आता पुण्याला असतो. व्हरांड्यात आईची लोणच्याची बरणी आणि माझी पुस्तकं. यंदा एम.ए.चं शेवटचं वर्ष. मागच्या रविवारी धूर असाच सरळ होता, आणि मी आईला मैत्रिणीकडे जाते सांगून काटोलची बस पकडली. वाटेत तो माळ लागला असणार. मी दुसऱ्या बाजूला बसले होते.

शेडमध्ये संत्र्यांचे ढीग होते, भाताचं तणस होतं, बायका गाणं म्हणत माल निवडत होत्या. विलास जाड झाला आहे. मला बघून धावत आला, हाका मारून बायकोला बोलावलं. सुनंदा तिचं नाव. कडेवर वर्षाची मुलगी. तिनं मला हाताला धरून बाजेवर बसवलं. तो पाणी आणायला स्वतः गेला.

मी पाणी प्यायच्या आधीच सांगितलं. नाहीतर राहिलं असतं. "त्या दिवशी विमान माझ्यामुळे पडलं. तुम्ही पेटी लाव म्हणालात, मी चालू केली. दुसरी."

त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग हसायला लागला, पूर्वीसारखाच मोठ्यानं. "शिरीषनं पाठवलं काय तुले? त्याले वाटते, मी अजून रडून राहिलो."

"नाही. मीच आले."

"तू? अन् पेटी चालू करशील? चिमटाबाई? तू तं विचारल्याबिगर पाणी पीत नव्हती वं." मग आवाज उतरवून, माझी समजूत काढत, "एक डाग कच्चा होता त्याच्यात. इथं आल्यावर सापडला मले. माहीच चूक. झालं ते झालं. तुह्या मनात एवढं आलं, हेच लई."

सुनंदानं चहा आणला होता. ती हसून म्हणाली, "ताई, तुम्ही कोणाचंच नाव घेऊ नका. ते विमान पडलं म्हणून तं हे मले भेटले." विलासनं तिच्याकडे जसं बघितलं, ते मी बघितलं. मुलगी संत्र्याची फोड चोखत होती आणि तिच्या हनुवटीवरून रस गळत होता. मी ती पुसली. चार वर्षांनी बोलले आणि ते कोणापर्यंत पोचलंच नाही, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी सुटकाही वाटली.

स्टँडवर सोडायला तो चालत आला. बगीच्याबद्दल बोलत होता, यंदाच्या बहराबद्दल, दादाला मुलगी बघितली का याबद्दल. मी खिडकीशी बसले. त्यानं खालून हात वर केला, आणि मग तो हात तसाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून हसू गेलं. उडवताना व्हायचं तसं त्याचं तोंड थोडं उघडं होतं.

"मिनू," तो म्हणाला. "एरियल ओढली होती?"

"हो. पूर्ण."

"काटा?"

"वर आला होता."

"अन् मंग बंद केली."

"हो."

कंडक्टरनं घंटी मारली. विलासनं खिडकीच्या गजाला हात लावला. तो रागावलेला नव्हता. एखादी तारीख आठवून बघावी, तसा हळू बोलला.

"पंधरा दिवस होते वं फॉर्मले."